मुलांचं कुकी किट: डब्यातलं काय कामाचं, काय नुसतं शोभेचं

सणांच्या सुट्ट्या जवळ आल्या की खेळण्यांच्या आणि बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत एक रंगीत डबा हमखास मांडलेला असतो. वर पांढरी टोपी घातलेलं हसरं मूल, हातात चांदणीच्या आकाराची कुकी. आत कटर, छोटं लाटणं, सिलिकॉनची चटई, एप्रन, आयसिंगच्या (कुकीवर द्यायच्या साखरेच्या लेपाच्या) पिशव्या, स्प्रिंकल्स म्हणजे वर भुरभुरायचे रंगीत दाणे, बहुतेकदा तयार पिठाचं पाकीट आणि कृतीचं एक कार्ड. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी आतलं सामान जवळपास तेच असतं, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या डब्याचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. दहा-बारा वस्तूंपैकी तीन-चार कामाच्या असतात. कुकी फसली तर दोष बहुतेक वेळा त्या पाकिटाचा आणि कार्डाचा असतो, मुलाचा नसतो.

डबा पारखताना कसोटी साधी ठेवली आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ती वस्तू मोठ्यांनी हात न धरता वापरता येते का, आणि वापरल्यावर कुकी ओव्हनमधून ओळखू येईल अशा आकारात बाहेर येते का? टोपी, छोटा व्हिस्क, प्लास्टिकचा झारा आणि खेळण्यातला वाडगा या कसोटीपर्यंत पोचतच नाहीत, तेव्हा त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

कटर

किटमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, आणि विकत घेताना सगळ्यात कमी निरखली जाते तीही हीच. डब्यावर ‘१२ आकार’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्या बारांतले पाच चांगले निघाले तर नशीब समजायचं.

स्वस्त प्लास्टिक कटरची खालची कड दीड-दोन मिलिमीटर जाड असते. ती डो, म्हणजे कुकीचं मळलेलं पीठ, कापत नाही, चेपते. तुकड्याची कड खाली दबते, कटर उचलला की तुकडा आतच अडकून वर येतो. मग मूल मागून बोट घालून तो ढकलतं. चांदणीची चार टोकं बाहेर येतात, पाचवं आतच राहतं आणि रडारड सुरू होते. चांगल्या प्लास्टिक कटरची खालची कड निमुळती होत अगदी पातळ झालेली असते आणि वरची कड रुंद, तळहात टेकवता येईल अशी असते. दुकानात डबा उघडून दाखवत असतील तर बोटाचं पेर कडेवरून फिरवून बघा, फरक लगेच कळतो.

स्टीलचा कटर स्वच्छ कापतो. त्याची एक कड दुमडलेली असते, ती वर ठेवायची, उघडी कड खाली. लहान मुलं तो हमखास उलटा धरतात आणि जोर लावताना कड तळहाताला रुतते. वरच्या कडेवर रबरासारखी मऊ पट्टी बसवलेले स्टीलचे कटर सुटे मिळतात. आमच्या मते चार वर्षांपुढच्या मुलांसाठी ही सगळ्यात चांगली खरेदी आहे, कारण पट्टी असलेली बाजू वर हे मुलाला न सांगता समजतं. पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा दिलेले कटर स्वस्त असतात, पण जोडाच्या जागी गंजतात.

उंचीही बघावी. एक सेंटिमीटर उंचीचा कटर सहा मिलिमीटर जाड डोमध्ये रुतला की धरायला चारच मिलिमीटर उरतात आणि मुलाचा तळहात थेट डोवर पडतो. निदान दोन सेंटिमीटर उंची हवी.

आता आकार. डब्यावर सगळ्यात सुंदर दिसतात ते आकार कामाला सगळ्यात वाईट. रेनडिअरचे पाय, हिमकणाच्या बारीक फांद्या, वाकड्या काठीची मूठ, झाडाचं काडीसारखं खोड. कुठलाही भाग दीड सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर तो उचलताना तुटतो, आणि तुटला नाही तरी ओव्हनमध्ये आधी करपतो. हरणाचं पोट अजून पांढरं असताना पाय तपकिरी झालेले असतात. जाड चांदणी, हृदय, घंटा, गोल, फुगीर हातपायांचा जिंजरब्रेड माणूस, एवढे आकार पुरेत. पाच ते सात सेंटिमीटरचा कटर लहान हाताला बरा पडतो. एका ट्रेमध्ये एकाच मापाचे तुकडे लावावेत. मोठे आणि छोटे एकत्र लावले तर छोटे जळतात नाहीतर मोठे कच्चे राहतात, दोन्हींतलं एक ठरलेलं.

काही किटमध्ये वरून बटण दाबायचे, स्प्रिंगवाले कटर येतात. एकदा दाबून कापायचं, मग बटण दाबून नक्षी उठवायची. मुलांना ते फार आवडतात आणि दिलेला पैसा वसूल होतो, पण अट अशी की डो थंड हवा आणि त्यात बेकिंग पावडर नको, नाहीतर नक्षी ओव्हनमध्ये पुसून जाते. काहींची स्प्रिंग इतकी कडक असते की मोठ्यांचाही अंगठा दुखतो. शक्य असेल तर मुलालाच दाबायला सांगून मग घ्यावा.

लाटणं

किटमधलं लाटणं साधारण पंधरा सेंटिमीटरचं, पोकळ प्लास्टिकचं असतं. ते हलकं असल्यामुळे मुलाला अंगाचा भार द्यावा लागतो, भार एका बाजूला जास्त पडतो, आणि डो एकीकडे तीन मिलिमीटर तर दुसरीकडे नऊ. जाडी बारीक असल्यामुळे मुठीची हाडं डोवर घासतात ती वेगळीच. मुलासाठी लाकडाचं, वीस ते तेवीस सेंटिमीटर लांबीचं, निदान तीन सेंटिमीटर जाडीचं, फिरत्या मुठी नसलेलं लाटणं घ्यावं. फिरत्या मुठीच्या फटीत पीठ जाऊन बसतं आणि ते निघत नाही.

चांगल्या किटमध्ये लाटण्याच्या टोकांना अडकवायच्या जाडीच्या कड्या मिळतात. कल्पना उत्तम आहे: कड्या ओट्यावर टेकल्या की डो त्याहून पातळ होऊच शकत नाही. पण बहुतेक किटमधल्या कड्या तीनच मिलिमीटरच्या असतात, आणि मुलांच्या हातच्या कुकीला तीन मिलिमीटर फार पातळ. हवी ती सहा मिलिमीटर. शिवाय छोट्या लाटण्यावर दोन कड्यांमधलं अंतर जेमतेम दहा सेंटिमीटर उरतं. डो त्याहून रुंद पसरला की कडी डोवरच चढते आणि खोल चर पाडते. त्यापेक्षा सहा मिलिमीटर जाडीच्या दोन सपाट लाकडी पट्ट्या डोच्या दोन्ही बाजूंना ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवू द्यावं. पट्ट्या कितीही लांब ठेवता येतात आणि मूल कितीही जोर लावो, जाडी तीच राहते. या एका गोष्टीने निम्म्या कुकीज वाचतात.

चटई आणि ट्रे

सिलिकॉनची चटई दोन प्रकारची असते. एकीत आत काचतंतूंची जाळी असते, ती ताठ आणि थोडी पारदर्शक दिसते. दुसरी नुसत्या सिलिकॉनची, लुळी, वर वर्तुळं आणि सेंटिमीटरच्या खुणा छापलेली. किटमध्ये बहुधा दुसरी येते. ती लाटायला आणि सजवायला चांगली, ओट्यावरून सरकत नाही. जाळीवाल्या चटईवर मात्र स्टीलचा कटर कधीही चालवू नये. चीर पडली की काचतंतू उघडे पडतात आणि ते खाण्यात येऊ शकतात. चीर दिसली की ती चटई टाकून द्यायची, ‘अजून चालेल’ म्हणायचं नाही. चटईवर भाजलेल्या कुकीचा तळ कागदावरच्यापेक्षा फिका राहतो, एखाद-दोन मिनिटं जास्त लागतात.

आमचा कल साध्या बेकिंग पेपरकडे आहे, आणि त्याला कारण आहे. मुलांच्या हातून कुकी बिघडण्याची मुख्य जागा म्हणजे कापलेला तुकडा ओट्यावरून ट्रेवर नेणं. डो थेट बेकिंग पेपरवर लाटला, कागदावरच कटरने कापला आणि मधला फालतू डो सोलून काढला, तर तुकडे जागच्या जागी राहतात आणि कागद उचलून ट्रेवर ठेवला की झालं. तुकड्यांमध्ये दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडून कटर लावायला मुलाला सांगावं. ‘मध्ये दोन बोटं’ हे माप लहान मुलांना बरोबर समजतं. मेण लावलेला कागद यासाठी चालत नाही, ओव्हनमध्ये त्याचा धूर होतो.

छोटा काळा ट्रे किटमध्ये असेल तर तो बाजूला ठेवा. काळा पत्रा उष्णता लवकर शोषतो आणि तळ करपवतो. पातळ पत्रा गरम झाला की ‘टण्ण’ आवाज करून वाकतो आणि तुकडे घसरतात. फिकट रंगाचा, जाड अॅल्युमिनियमचा ट्रे या कामाला योग्य.

पाकीट आणि कार्ड

इथे किटवाले सगळ्यात जास्त निराश करतात. तयार पिठाच्या पाकिटात मैदा, साखर, मीठ आणि बहुतेक वेळा बेकिंग पावडर किंवा सोडा असतो. बटर आणि अंडं घरचं घालायचं. खुसखुशीत गोल कुकीसाठी हे मिश्रण ठीक आहे. कटरने कापायच्या कुकीला मात्र फुगवणारा पदार्थ घातक, कारण तुकडा फुगतो, कडा बाहेर सरकतात आणि झाडाचा ढग होतो. घटकांच्या यादीत बेकिंग पावडर किंवा सोडा दिसला तर त्या पाकिटाच्या गोल कुकीज करून खाव्यात आणि आकारांसाठी वेगळा डो मळावा.

कार्डावरची कृतीही घाईची असते. ‘एक कप मैदा’ म्हणजे किती? कप पिठात खुपसून भरला तर दीडशे ग्रॅमपर्यंत जातो, चमच्याने हलकेच भरला तर एकशेवीसच्या आसपास राहतो. तीन कपांत ऐंशी-नव्वद ग्रॅमचा फरक पडला तर एकदा डो भुरभुरतो, एकदा पसरतो. ‘मऊ बटर’ असं लिहिलेलं असतं, पण किती मऊ ते नाही. आणि डो थंड करायला सांगणारं कार्ड क्वचितच सापडतं. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा किचनचा वजनकाटा अख्ख्या किटपेक्षा जास्त उपयोगी आहे. शिवाय पाच-सहा वर्षांच्या मुलाला आकडा शंभरवर आला की थांबायचं हे काम मनापासून आवडतं.

आकारासाठीचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. म्हणजे १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ३०० ग्रॅम मैदा, पाव छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा व्हॅनिला आणि एक अंडं. अंडं नको असेल तर त्याऐवजी दोन मोठे चमचे थंड दूध. डो बांधला जाईल एवढंच घालायचं, सगळं ओतायचं नाही. सहा मिलिमीटर जाडीच्या, सहा सेंटिमीटरच्या साधारण तीस कुकीज होतात.

बटर अठरा ते वीस अंशांवर असावं. बोट दाबलं तर खळगा पडतो, पण बोटाला तेलकट चमक येत नाही, ही खूण. वितळलेलं बटर पुन्हा गोठवलं तरी आधीसारखं होत नाही आणि कुकी पसरते. बटर आणि साखर एकजीव होईपर्यंतच फेटायचं, मिनिटभर पुरे. केकच्या सवयीने पाच मिनिटं फेटलं तर हवा भरते, ओव्हनमध्ये फुगते, मग बसते आणि वर सुरकुत्या पडतात. मैदा घातल्यावर कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं.

डो मळल्यावर लगेच, मऊ असतानाच, दोन बेकिंग पेपरमध्ये घालून लाटावा आणि सपाट ट्रेवर फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवावा. बहुतेक जण आधी गोळा थंड करतात आणि मग दगडासारखा गोळा लाटायला घेतात; ते मोठ्यांनाही जड जातं. आधी लाटून मग थंड केलं की मुलाच्या वाट्याला थंड, सपाट, कटर लावायला तयार असा डो येतो. कापलेले तुकडे ट्रेसकट आणखी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवले तर कडा अगदी धारदार राहतात. कारण सोपं आहे: थंड बटर वितळायला वेळ घेतं, तोवर तुकड्याची कड भाजून घट्ट झालेली असते.

उरलेला डो पुन्हा लाटताना ताजं पीठ भुरभुरण्याऐवजी कागदांमध्येच लाटावा. एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक खेपेला मैद्यातलं ग्लुटेन (चिवटपणा देणारं प्रथिन) ताणलं जातं, कुकी कडक होते आणि ओव्हनमध्ये आक्रसते. मुलाने वीस मिनिटं मळून राखाडी केलेल्या डोचं काय? त्याला सुरुवातीलाच शंभर ग्रॅमचा वेगळा गोळा देऊन ठेवावा. तो कितीही तिंबला तरी बाकीच्या कुकीजना धक्का लागत नाही.

कच्चा डो

किटच्या कार्डावर कच्च्या अंड्याची सूचना असते, कच्च्या पिठाची सहसा नसते. ही मोठी उणीव आहे. मैदा हा कच्चा पदार्थ आहे. दळताना आणि चाळताना त्यातले जंतू मरत नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत मैद्यातून ई. कोलाय या जंतूचा प्रादुर्भाव झाला आणि फार मोठ्या प्रमाणावर पीठ बाजारातून परत मागवावं लागलं. आजारी पडलेल्यांत अशी मुलंही होती ज्यांनी रेस्टॉरंटमध्ये खेळायला दिलेला कच्चा डो हाताळला किंवा खाल्ला होता. म्हणजे बिनअंड्याचा डोही चाटायचा नाही. घरी मैदा भाजून घेतला की तो सुरक्षित झाला, अशी खात्री देता येत नाही. मुलाला चाखायला काहीतरी हवंच असतं, तेव्हा शेजारी फळाच्या फोडींची वाटी ठेवावी आणि काम संपल्यावर हात, ओटा, कटर साबणाने धुवावेत.

ओव्हन आणि हातमोजा

किटमधला छोटा हातमोजा पूर्णपणे शोभेचा आहे. एक पदरी कापड, आत नावाला स्पंज. तो घातला की आपण गरम ट्रे धरू शकतो असा मुलाचा समज होतो, म्हणून तो नसता तर बरं झालं असतं. सहा वर्षांखालच्या मुलाचं ओव्हनपाशी काहीच काम नाही. काच असलेला ओव्हन असेल तर चार पावलांवर उभं राहून बघणं आणि टायमरची घंटा ऐकून ओरडणं, एवढं काम द्यावं, ते पुरतं. मोठ्यांनीही ओल्या कापडाने ट्रे धरू नये, ओल्यातून चटका लगेच लागतो.

ओव्हन १७० अंशांवर, निदान पंधरा मिनिटं आधी तापवलेला. पंखा चालू असेल तर १५० ते १५५. सहा मिलिमीटरच्या कुकीला अकरा ते तेरा मिनिटं. छोट्या ओव्हनची खुंटी १७० दाखवते तेव्हा आत खरोखर किती आहे, हे आत ठेवायच्या स्वस्त थर्मामीटरनेच कळतं. वीस अंशांचा फरक विरळा नाही. कुकी झाली हे वरून कळत नाही. कडेला अगदी पुसट सोनेरी रेघ आली आणि मध्यभागाची ओलसर चमक गेली की काढायची. तेव्हा ती मऊच लागते, थंड झाल्यावर कडक होते. पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्यावी, मग जाळीवर.

दोऱ्याने टांगायच्या कुकीजसाठी भाजण्याआधी जाड स्ट्रॉने भोक पाडतात. भोक कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत हवं. भाजताना ते आक्रसतं, म्हणून ट्रे बाहेर आल्याआल्या मोठ्यांनी तिथेच स्ट्रॉ पुन्हा दाबावी. मध्ये गोळी वितळवून ‘रंगीत काचेची’ कुकी करायची टूम काही कार्डांवर असते. वितळलेली साखर त्वचेला चिकटून खोल भाजते. लहान मूल बरोबर असताना ती नकोच.

आयसिंग, रंग आणि स्प्रिंकल्स

आयसिंगच्या कापडी पिशव्या आणि धातूच्या छोट्या नोजलचा संच दिसायला भारी, पण मुलाच्या हातात पिशवी वरून उघडते आणि आयसिंग कोपरापर्यंत येतं. त्यातून ती बारीक नोजल गिळण्याची भीती. चार वर्षांखाली पिशवी देऊच नये. मऊ प्लास्टिकच्या, दाबायच्या छोट्या बाटल्या यापेक्षा कितीतरी चांगल्या. एका हाताने दाबता येतात, उलट्या पडल्या तरी सांडत नाहीत आणि झाकण लावून ठेवता येतात. सगळ्यात लहान मुलांना तर चमच्याची मागची बाजू किंवा रुंद, नवा ब्रश द्यावा.

किटमधली आयसिंग पावडर असेल तर ती बहुधा चालते, पण पाण्याचं प्रमाण कार्डावर जास्त असतं. घरी करायचं तर दोन पर्याय आहेत. साधं ग्लेझ: १५० ग्रॅम पिठीसाखर, चार ते पाच छोटे चमचे दूध, एक छोटा चमचा लिक्विड ग्लुकोज. ते मऊसर वाळतं, कुकीज एकावर एक रचता येत नाहीत. रॉयल आयसिंग: २५० ग्रॅम पिठीसाखर, १५ ग्रॅम मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची वाळवलेली भुकटी), ४० ते ४५ मिलिलिटर पाणी. ते रात्रभरात टणक वाळतं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यापासून करू नये, मुलांसाठी तर मुळीच नाही. दाटपणाची परीक्षा: भांड्यात सुरीने रेघ ओढायची. रेघ दहा ते पंधरा सेकंदांत भरून आली तर कुकीवर पसरवायला बरोबर. लगेच भरली तर आयसिंग कडेवरून ओघळणार, वीस सेकंदांनीही राहिली तर मुलाला दाबताना त्रास होणार आणि तो बाटली आपटणार. कुकी पूर्ण गार हवी. कोमट कुकीवर बटर वर येतं आणि आयसिंगवर पिवळे डाग पडतात.

किटमधले पाणीदार रंग टाकून द्यायला हरकत नाही. पुरेसा गडद रंग येईपर्यंत आयसिंग पातळ होऊन बसतं. जेलचा रंग टूथपिकच्या टोकावर घ्यावा. ठेवल्यावर रंग आणखी गडद होतो, म्हणून थोडा फिका असतानाच थांबावं. एका वेळी दोन किंवा तीन रंगच द्यावेत. सहा वाट्या दिल्या की दहा मिनिटांत सगळ्यांचा मिळून एकच मातकट रंग तयार होतो. लाल आयसिंग पांढऱ्याला लागून लावायचं असेल तर पांढरं आधी पूर्ण वाळू द्यावं, नाहीतर लाल त्यात उतरतं.

स्प्रिंकल्सच्या छोट्या डब्या बघायला छान, पण लेबल वाचा. काही चांदीसारखे गोळे आणि चमकी ‘फक्त सजावटीसाठी’ असतात, खाण्यासाठी नाहीत. आणि खाण्याचे असले तरी कडक, गोल गोळे चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. त्याऐवजी मऊ काड्या किंवा रंगीत दाणेदार साखर. डबी मुलाच्या हातात देऊ नये. एक चमचा स्प्रिंकल्स छोट्या वाटीत द्यावेत आणि कुकी कड असलेल्या ट्रेमध्ये ठेवावी. सांडलेले दाणे ट्रेमधून परत वाटीत जातात. आयसिंगवर दोन-तीन मिनिटांतच साय धरायला लागते, त्यानंतर टाकलेले दाणे चिकटत नाहीत. तेव्हा एक कुकी रंगवायची आणि तीच लगेच सजवायची. सगळ्या रंगवून मग सगळ्या सजवायच्या असं केलं तर दाणे घरंगळतात.

मग घ्यावं का?

किट भेट म्हणून द्यायचं असेल आणि त्यात बोथट पण निमुळत्या कडेचे कटर, लाकडी लाटणं आणि लाटायची चटई असेल तर घ्या. पाकीट आणि टोपी डब्यासोबत आलेली आहेत असं समजा. स्वतःच्या घरासाठी मात्र सुटं सामान घेतलेलं बरं: रबरी पट्टीचे चार स्टील कटर, छोटं लाकडी लाटणं, सहा मिलिमीटरच्या दोन पट्ट्या, बेकिंग पेपर, दोन दाबायच्या बाटल्या. वजनकाटा नसेल तर आधी तोच. तीन वर्षांखालच्या मुलासाठी किट घेऊच नका, त्याला एक गोल कटर आणि स्वतःचा गोळा पुरतो.

एका बैठकीत मळण्यापासून सजवण्यापर्यंत सगळं उरकायची हमी देणाऱ्या डब्यावर विश्वास ठेवू नये. या वयाचं मूल एका कामात वीस-तीस मिनिटं रमतं. डो पहिल्या दिवशी करून लाटून ठेवावा. घट्ट गुंडाळला तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगला राहतो, फ्रीजरमध्ये दोन महिने. दुसऱ्या दिवशी कापणं आणि भाजणं. तिसऱ्या दिवशी रंग. बिनआयसिंगच्या कुकीज हवाबंद डब्यात आठवडाभर कुरकुरीत राहतात, पण त्याच डब्यात केक किंवा मऊ कुकी ठेवली तर रात्रीत सगळ्या मऊ पडतात.

कटर धुताना जोडाच्या फटीतला डो जुन्या, स्वच्छ टूथब्रशने काढावा आणि पत्र्याचे नि स्टीलचे कटर पुसून, बंद केलेल्या पण अजून कोमट असलेल्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवावेत, गंज चढत नाही. प्लास्टिकचे आणि रबरी पट्टीचे मात्र ओट्यावरच वाळवा.